चारशे अकरा बंद चाकू

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, चाकूच्या कारखान्यातील धार खात्याचा निवृत्त कामगार आणि तेथील संघटनेचा एकवीस वर्षे वक्ता, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरांनी काल तपासून माझे मन ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. मनात काही उरले आहे का, हे त्यांनी विचारले नाही. त्या प्रश्नाचा रकाना दाखल्यात नसतो.

माझ्यावर कुणाचे दडपण नाही. पुतणीने एक गोष्ट मागितली आहे, ती मी नाकारत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाषणे पुष्कळ केली. त्यांतले एक मागे घेण्यासाठीच मुख्यतः हा कागद आहे.

१. तिसऱ्या मजल्यावरील माझ्या दोन खोल्या, कपाट, पलंग, पंखा आणि बँकेतील शिल्लक हे सर्व माझ्या एकुलत्या पुतणीला, म्हणजे माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या मुलीला मिळावे. यातून कलम ६ मध्ये सांगितलेला खर्च आधी वजा करावा. न्हाणीघराचा नळ डावीकडे बंद होतो. प्लंबरने उलटा बसवला आणि वर मलाच समजावून सांगितले की सगळीकडे असाच असतो. त्याच्याशी वाद घालण्याची उमेद तेव्हा नव्हती, म्हणून तो तसाच आहे.

२. माझी पुस्तके, सुमारे नऊशे, कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्यावीत. त्यांत समासात मी पुष्कळ भांडलो आहे. ते खोडू नये. मेलेल्या लेखकांशी भांडण्यात एक सोय असते, ते उलट बोलत नाहीत. जिवंत माणसांशीही मी तसाच भांडलो, ते पुढे येईलच.

३. आता चाकू. माझ्या आतल्या खोलीत लोखंडी कपाटात घडीचे चाकू आहेत, प्रत्येक आपापल्या पुठ्ठ्याच्या डबीत, तेलकागदात गुंडाळलेला, कधीही न वापरलेला. ते भावाने सत्तावीस वर्षांत गोळा केले आणि जाण्यापूर्वी दोन महिने हातगाडीवर घालून माझ्याकडे पाठवले. गाडीवाल्याबरोबर निरोप एवढाच होता, "दादा, हे तुझ्याकडे असू दे." तेव्हा आम्ही बोलत नव्हतो. मी डब्या मोजून घेतल्या. तीनशे सहा होत्या. गाडीवाल्याला पाणी दिले आणि दार लावले.

हे चाकू पुतणीला हवे आहेत. तिने एक संग्राहक शोधला आहे. तो अशाच कारखान्यात बनलेल्या वस्तू घेतो आणि महिनाअखेरीस येणार आहे. पुतणी व्यवहारी आहे, लोभी नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी तिला बोल लावू नये. ती मला म्हणाली, "काका, बाबांनी आयुष्यभर दुसरं काही जमवलं नाही. निदान याची तरी किंमत होऊ दे."

४. किंमत होते की नाही, हे मी स्वतः जाऊन विचारले. मागच्या गल्लीत जुन्या वस्तूंचा दुकानदार बसतो. मी एक डबी त्याच्यापुढे ठेवली. त्याने चाकू उघडला नाही. आधी डबीचे कोपरे पाहिले, मग झाकणावरचा क्रमांक. मग मला स्टुलावर बसवून शाळेतल्या मुलाला सांगावे तसे सांगितले. यंत्रावर हजारांनी निघणाऱ्या चाकूला पुढे भाव येतो तो फक्त त्याचे भाऊबंद वापरून झिजले, हरवले, फेकले गेले तर. पण ज्या चाकूवर आधीच आठवण म्हणून क्रमांक टाकलेला असतो, तो सगळेच जपून ठेवतात. सगळेच जपतात म्हणून तो दुर्मीळ होत नाही. "तुमच्या कारखान्याची साधी भाजीची सुरी कुठे बंद डबीत असेल तर आणा, आजोबा. ती लाखांनी निघाली आणि आज कुणाकडेच नाही." मी त्याला सांगितले की ती आम्ही लोकांनी वापरावी म्हणून बनवत होतो. तो म्हणाला, तेच तर.

मग त्याने विचारले की अशा किती डब्या आहेत. मी आकडा सांगितला, आणि एकूण क्रमांक चारशे अकराच आहेत हेही. त्याने डबी पुन्हा हातात घेतली. चारशे अकरापैकी तीनशे सहा एकाच घरात असतील तर गोष्ट वेगळी, म्हणाला. म्हणजे किंमत आहे. ती चाकूला नाही, भावाने ते एकेक करून उचलले त्याला आहे.

पुतणीच्या संग्राहकाशी मी फोनवर बोललो. त्याला म्हणालो, यातला एकही चाकू नीट कापत नाही. तो हसून म्हणाला, "कापून कोण बघतंय?"

हे वाक्य ऐकल्यावर मला पूर्वीसारखा संताप येईल असे वाटले. मी फोन धरून वाट पाहिली. आला नाही. पण जे पटत नाही ते पटत नाही, त्याला संताप लागतोच असे नाही. चाकू कापण्यासाठी नसेल, तर चारशे अकरा माणसे कारखान्याच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात काय करत होती? वस्तूची किंमत तिच्या कामात असते, तिच्या डबीत नसते. हे मी गेटजवळच्या पिंपावर उभा राहून भाषणांत शेकडो वेळा सांगितले आहे. एकदाच उलटे सांगितले.

५. ते असे. कारखाना बंद होणार हे ठरल्यावर व्यवस्थापनाने प्रत्येक कामगाराला निरोपाचा चाकू देण्याचे काढले. मूठ काळी, पात्यावर ठसा, ठशाखाली क्रमांक, एक ते चारशे अकरा. ते चाकू आम्हीच बनवायचे होते. आपल्या हाताने आपला निरोप बनवायचा, यावर मी तेव्हा एक चांगले भाषण केले होते. ते मी मागे घेत नाही.

शेवटच्या पंधरवड्यात भट्टीचा गॅस निम्मा केला गेला. पोलादाला पाणी द्यायचे तर आधी पाते पुरेसे तापावे लागते. तापले नाही तर तेलात बुडवूनही ते मऊच राहते. भट्टीवर माझा धाकटा भाऊ होता. त्याने नाही म्हणायला हवे होते. त्याने पाती पुढे पाठवली. ती माझ्या खात्यात आली. दगडाखाली पाते कसे बोलते ते मला चांगले कळत होते. ही पाती बोललीच नाहीत, लोण्यासारखी गेली. मीही नाही म्हणायला हवे होते. मी धार लावली आणि पुढे ढकलली.

निरोपाच्या दिवशी गेटवर डब्या वाटल्या. माणसे चिडलेली होती. प्रेस खात्यातला एक जण, ज्याला आम्ही पैलवान म्हणायचो, त्याने डबी फाडून चाकू उघडला आणि फलकाची दोरी कापायला घेतली. दोरी कापली जाईना. त्याने पाते उन्हात धरून पाहिले. धार दुमडली होती. तो मोठ्याने म्हणाला, "अरे, याला पाणीच दिलेलं नाही. भट्टीवर कोण होतं?"

भाऊ माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता. चारशे माणसे, प्रत्येकाच्या डोक्यात राग, आणि तो राग कुणावर काढावा ते कुणालाच कळत नव्हते. मी पिंपावर चढलो.

मी काय बोललो ते पाठ आहे. "हा चाकू दोरी कापायला नाही. झाकणं लावा. हा पुन्हा कधी निघणार नाही. उघडलात तर लोखंडाचा तुकडा आहे, बंद ठेवलात तर तीस वर्षांनी लोक तुमचं दार शोधत येतील." मग पैलवानाकडे वळलो. "पैलवान, कापायला धार लागते आणि अक्कलही लागते. तुझं दोन्हींतलं काय बोथट आहे, ते आधी बघ."

लोक हसले. इतके हसले की भट्टीचा प्रश्न हवेत विरला. सगळ्यांनी झाकणे लावली. पैलवानाने आपला चाकू गेटसमोरच्या गटारात टाकला आणि चालू लागला. त्या दिवसापासून त्याला लोक 'बोथट' म्हणू लागले. दुकानात, दवाखान्यात, त्याच्या मुलीच्या सासरी. सत्तावीस वर्षे. तो खरे बोलला होता. चारशे अकरा जणांत खरे बोलणारा तो एकटाच होता.

भावाशी मी यावर कधी बोललो नाही. त्याला पाती मऊ असल्याचे कळलेच नाही, असे मी धरून चाललो. ते सोयीचे होते. पुढे तो घरोघर जाऊन लोकांचे चाकू विकत घेऊ लागला. कुणी घर बदलले, कुणी वारले, की हा डबीसाठी हजर. लोक त्याला 'चाकूशेठ' म्हणत. मला वाटले, माझ्या थापेवर सगळ्यांत जास्त विश्वास माझ्याच भावाने ठेवला. त्याची मला लाज वाटायची आणि ती मी रागावून दाखवायचो. शेवटच्या भांडणात मी त्याला म्हणालो की भाषणातले कुठले घ्यावे आणि कुठले सोडून द्यावे हेही तुला कळत नाही. त्याने ऐकून घेतले. पुढची सहा वर्षे आम्ही बोललो नाही. मग गाडी आली. मग तो गेला.

गेल्या महिन्यात भावजयीकडे गेलो होतो. ती भाजी चिरत होती, हातात काळ्या मुठीचा घडीचा चाकू. क्रमांक अर्धा पुसलेला, पाते झिजून बोटाएवढे अरुंद. शेजारी धार लावायचा दगड. दोन गाजरे झाली की ती थांबायची, पाते चार वेळा दगडावर फिरवायची आणि पुढे चिरायची. अशी की तिला ते कळतही नसावे.

मी विचारले, हा उघडलात कधी? ती म्हणाली, "मिळाला त्याच दिवशी. त्यांनीच उघडून दिला. म्हणाले, पातं मऊ आहे, चूक माझी आहे, आणि मला वाचवायला दादाने ती सगळ्यांदेखत झाकली. आता कुणी डबी उघडायच्या आत मला त्या गोळा करायला हव्यात, नाहीतर दादा खोटा पडेल."

मी विचारले, मला का नाही सांगितले?

"तुम्हाला माहीत नाही असं त्यांना वाटायचं का, दादा? त्यांना वाटायचं, तुम्हाला त्यावर बोलायचं नाही."

मग तिने मला चहा दिला. मी तो प्यायलो. मला रडू आले नाही, अजूनही आलेले नाही. बोटाला चीर पडल्यावर क्षणभर काहीच लागत नाही, तसे आहे. तो क्षण फार लांबला आहे, एवढेच.

६. म्हणून, कपाटातील सर्व चाकू संग्राहकाला विकू नयेत. पुतणीने ते औद्योगिक वसाहतीतील पाणी देणाऱ्या कारखान्यात न्यावेत. तेथील मालकीणबाईंशी बोलणे झाले आहे. मुठी काढून, पाती पुन्हा पुरेशी तापवून, नीट पाणी देऊन, धार लावून द्यायला त्या तयार आहेत. त्यांनीही मला एकदा विचारले, "आजोबा, असं केलंत तर यांची संग्रहाची किंमत जाईल, कळतंय ना?" मी म्हटले, कळतेय. याचा खर्च माझ्या शिलकीतून करावा.

त्यानंतर प्रत्येक चाकू ज्याचा त्याच्या घरी परत द्यावा. प्रत्येक डबीच्या तळाला भावाच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, कुणाकडून घेतला, कुठे राहतो. मला वाटायचे, संग्राहक ठेवतात तशी नोंद आहे. आता वाटते, परत करायचा विचार त्यालाच आधी सुचला असावा. ज्याला मिळेल त्याने तो विकावा, पेन्सिली तासाव्यात, काय हवे ते करावे. चाकूबरोबर या कलमाची आणि कलम ५ ची प्रत द्यावी.

पुतणी, तू रागावशील. खोल्या तुझ्याच आहेत. तुझ्या बाबांनी आयुष्यभर दुसरे काही जमवले नाही म्हणालीस ना, त्यांनी काय जमवले तेही कलम ५ मध्ये आहे.

७. भावजयीकडचा चाकू तिच्याकडेच राहील. त्याला कुणी पाणी देऊ नये. माझा धारेचा दगड तिला द्यावा, तिचा मध्ये खोलगट झाला आहे.

८. माझ्या अंत्यविधीला कुणीही भाषण करू नये. आमच्या संघटनेचा माजी चिटणीस खिशात कागद घेऊन येईल. त्याला बसायला सांगावे.

९. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील सांगतात. त्यामुळे पहिल्या साक्षीदाराला मी काही ठेवलेले नाही. क्रमांक दोनशे एकोणीसची डबी भावाने त्या दिवशी गटारातून उचललेल्या चाकूसाठी केली होती, धुऊन, पुसून, तेलकागदात. ती आज सही करण्यापूर्वी मी त्याच्या हातात दिली आणि कलम ५ त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "वाचलंस ते बरं केलंस. पण हे गेटवर वाचायचं होतं." गेट आता नाही. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, "माणसं आहेत की."

म्हणून कलम ५ ची प्रत मरणाची वाट न पाहता येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात मी स्वतः वाचणार आहे. पिंप नको. खुर्ची चालेल.

१०. माझा स्वतःचा चाकू, क्रमांक सत्त्याण्णव, सत्तावीस वर्षे बंद होता. तो आज दोन्ही साक्षीदारांसमोर उघडला आणि एक सफरचंद कापले. तिसऱ्या फोडीला धार दुमडली. उरलेले सफरचंद हाताने तोडले. दोघांनी पाहिले आणि आपापली फोड खाल्ली, याबद्दल खाली त्यांच्या सह्या आहेत.

मृत्युपत्र करणार: (सही) धार खाते, चाकू क्रमांक ९७

साक्षीदार पहिला: (सही) प्रेस खाते, चाकू क्रमांक २१९, पैलवान. 'बोथट' नव्हे.

साक्षीदार दुसरी: (सही) डॉक्टर. सफरचंदाबद्दल सही करण्याची ही माझी पहिलीच वेळ.

स्थळ: माझी राहती खोली, खिडकीजवळचे टेबल. वार मंगळवार, तारीख एकोणीस, सकाळचे अकरा.