मासोळीने शेपूट हलवलं

माय, आज सकाळी एका मासोळीने शेपूट हलवलं आणि तुझी ही चष्मेवाली, केस पिकलेली लेक प्रयोगशाळेत टुणकन उडाली. तुला हसू येईल. सावली गावच्या बाजारात तुझ्या टोपलीत दिवसभर मासे शेपटं आपटायचे, तेव्हा मी ढुंकूनही पाहत नसे.

ही मासोळी नखाएवढीसुद्धा नाही. अंगातून आरपार दिसतं, म्हणून तिच्यावर आम्ही औषधं तपासतो. आधी तिच्यात आजार आणायचा. तोच, तुझा. मज्जातंतू सुकत जातात, मग पाठीचं हाड वाकतं. वैनगंगेत कमरेभर पाण्यात जाळं धरून तू मला विचारायचीस, "पाह्य वं, माह्ये पाय खाली टेकले का नाई? मले समजून नाई राह्यलं." मी बुडी मारते, पाहते, वर येऊन सांगते, टेकले. आपल्याला तो खेळच वाटायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तोवर तू खाट धरली होतीस, त्या खाटेवरून पुन्हा उठलीच नाहीस.

इथे नवीन होते तेव्हा मला टाकीतल्या मासोळ्या काढायला सांगितल्या. मी तुझ्यासारख्याच पाण्यावर थापट्या मारून त्या जाळीकडे हाकलल्या. सगळ्या बिथरल्या, दिवसभराचं काम वाया गेलं. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई कडाडल्या, "हे काय तुमच्या गावचा तलाव हाय का?" अगदी तुझाच आवाज. राग उतरल्यावर त्यांनीच विचारलं, "आजारी मासोळी दचकते का अशानं?" ती दचकत नाही, नुसती पडून राहते. तेव्हापासून औषध दिलेली मासोळी दचकते का, ते आम्ही बशीच्या कडेला टिचकी मारून पाहतो.

औषध ठरू शकतील असे कितीतरी रेणू तपासले, सगळे फुकट गेले. आजचा हा शेवटचा होता. हाही फसला असता तर काम बंदच व्हायचं होतं. मी टिचकी मारली. एक शेपूट हललं. पुन्हा मारली, तर आणखी काही उसळल्या, पाठी सरळ. बाई म्हणाल्या, "चूप राहा, अजून पाहू." पाहिलं. मग त्यांनीच माझे हात धरून फुगडी घातली, तीही गुडघे दुखत असताना. माणसाच्या औषधापर्यंत पोचायला वर्षं लागतील, कदाचित पोचणारही नाही. तरी आज मला आनंद आवरत नाही.

निकाल पक्का होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, अशी बाईंनी शपथ घातली आहे. म्हणून हा कागद कुठेच जायचा नाही. घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तुला सांगितल्यावाचून मात्र राहवलं नाही.