गुलाबी पाखरं आणि सतरंजीची घडी

शेळगाव,
सहलीच्या दुसऱ्या दिवशी, दुपार

चि. बिरदेव यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे विजयमालाअक्काचे, पाठीवर धपाटा घालून आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुझी तब्येत चांगली असेल, पोट कमी झालं असेल (नसेल), माझ्या भावजयीची, प्रतिक्षाची, पाठ दुखायची राहिली असेल. इकडं मी, तुझे दाजी, सासूबाई आणि दोन्ही म्हशी खुशाल आहोत. तुझी दोन्ही पोरं इतकी खुशाल आहेत की त्यांच्यामुळं आमची खुशाली धोक्यात आली आहे. खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तू "अक्का, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि माझी गोष्ट गोफणीतल्या दगडासारखी मध्येच फिरत राहते. (ऑफिसात तुला सगळे 'देव' म्हणतात असं श्रेयानं सांगितलं. बिरोबाला नवस करून आईनं ठेवलेलं नाव. त्यातला मागचा निम्मा घेऊन तू पुण्याला गेलास, पुढचा आमच्याकडं ठेवलास. असो, जपून ठेवला आहे.) उद्या आमचा पिकअपवाला सावळाराम कांदा घेऊन मार्केट यार्डात येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. रविवारी तू पोरांना न्यायला निघायच्या आत तुला ते मिळायलाच हवं. का, ते पुढं येईल.

तू पाठवलेली ती यादी, लहान मुलांना घेऊन उन्हाळ्यात परवडेल असं कुठं कुठं जाता येतं, ती मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. पहिल्याच ठिकाणी माणशी नऊशे रुपये आणि टॉवेल वेगळा. अरे, पाण्यात भिजायचे नऊशे? आमच्याकडं तीन फेजची लाइट आली की पोर मोटारीच्या पाण्याखाली बसतं ते लाइट जाईपर्यंत हलत नाही, आणि तिकीट तपासायला आली तर म्हैस येते. तुझी श्रेया पहिल्या दिवशी "आत्या, इथे बघण्यासारखं काय आहे?" असं विचारत घरभर हिंडली, जणू मी लॉजच्या गल्ल्यावर बसले आहे. चौथ्या दिवशी तिला हौदातून बाहेर काढायला तिघं लागलो. तेव्हा तिचा प्रश्न सुटला. प्रश्न होता तो ऋतिकचा.

तुझ्या या सहा वर्षांच्या चिरंजीवानं वर्गात सांगितलं होतं म्हणे, की माझ्या आत्याच्या गावाकडं धरणाच्या पाण्यावर गुलाबी पक्षी येतात, आणि वर्ग हसला. फ्लेमिंगो परदेशात असतात, असं एका शहाण्या मुलीनं त्याला ऐकवलं. ते त्याच्या फार मनाला लागलंय. आल्यापासून चित्रकलेच्या वहीत एका पायाचे पक्षी काढून काढून गुलाबी खडू संपवला आणि मग माझं कुंकू घेतलं. "आत्या, मी बघून सांगणार," एवढंच म्हणायचा. आता पाखरं काय तुझ्या सुट्टीचं वेळापत्रक बघून थांबतात? ऊन तापलं तशी निम्मी-अधिक उडून गेली होती, उरलेली आज जातील की उद्या, असं चाललेलं. रविवारी तू नेणार. सावळारामची पिकअप मोकळी होती ती फक्त गुरुवारी. म्हणजे एकच दिवस, बघ. मला तर आदल्या रात्री झोप आली नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाखरं बघायला जायचं म्हणून एवढी कासाविशी व्हावी, हे कुणाला सांगू नकोस.

माझा बेत साधा होता. पहाटे सहाला निघायचं, मी आणि दोन पोरं, भाकरी-चटणी बांधून घ्यायची, कुठं थांबायचं नाही, भिगवणच्या पाणलोटावर आठला पोचायचं. पण बुधवारी संध्याकाळी सासूबाई दूध घालायला डेअरीवर गेल्या. (आमच्या दगडाबाईंना एखादी गोष्ट सांगितली की ती फॅटसकट सगळ्या तालुक्यात पोचते.) पहाटे दार उघडते तो अंगणात बारा पोरं उभी, तेल लावून, केस विंचरून, हातात पाण्याच्या बाटल्या. गाडी तर रिकामीच चाललीय, असं आयांचं म्हणणं. परीक्षा कालच संपलेल्या, नाही कुठल्या तोंडानं म्हणू? वर स्वतः सासूबाई पुढच्या सीटवर बसलेल्या, पायाशी पानाची चंची. चौदा पोरं आणि एक म्हातारी मोजून गाडीत भरेपर्यंत साडेआठ वाजले. मोजणी तीनदा केली, कारण एक पोर दोन्ही बाजूंनी चढत होतं.

तुला आठवत नसेल म्हणून सांगते, शेळगावहून भिगवणला जायचं म्हणजे किलोमीटर मोजून भागत नाही, पाहुणे मोजावे लागतात. दारावरून गाडी गेली आणि थांबली नाही, की पुढची दहा वर्षं लग्नकार्यात आपल्या ताटात वरण उशिरा येतं. म्हणून मी गाडीच्या हौद्यावर ताडपत्री ओढून घेतली होती, उन्हाचं निमित्त करून. पण अंथुर्ण्याच्या अलीकडं रस्त्याच्या मधोमध माझी चुलत नणंद नकोशी, हातात चहाचं ताट घेऊन, रस्ता-रोकोतल्या आंदोलकासारखी उभी. (चौथी मुलगी म्हणून आईबापानं हे नाव ठेवलं, आज बचत गटाच्या साठ बायका तिच्याशिवाय पान हलवत नाहीत. नाव ठेवणारे गेले, बाई राहिली.) "ताडपत्रीत काय कोंबड्या चालल्यात का वहिनी?" एवढंच म्हणाली, आणि चौदा कोंबड्या टणाटण खाली उतरल्या. चहा झाला. चहावर शेवया झाल्या. शेवयांवर, पोरं पहिल्यांदा दारात आली म्हणून, ऋतिकला टॉवेल-टोपी आणि श्रेयाला फ्रॉकचं कापड. ती टोपी घालून तुझा मुलगा ग्रामपंचायतीचा सदस्य दिसायला लागला. अकरा वाजले. तो दर पाच मिनिटांनी माझा पदर ओढून विचारत होता, "आत्या, ते उडाले असतील का?"

पुढं जंक्शन गावात माझ्या मावससासूबाईंनी ताक पाजलं. त्याच्या पुढच्या फाट्यावर दाजींच्या मित्रानं कलिंगडं फोडली. बांधलेल्या भाकरीला कुणी हात लावेना, ऊन डोक्यावर आणि पाखरं आमची वाट बघत थांबलीत याचा काही पुरावा नाही. श्रेया मात्र आता रंगात आली होती, प्रत्येक घरी निघताना पुण्याच्या रिवाजानं "तुम्हीपण या ना आमच्याकडे!" म्हणत होती. (याचा अर्थ पुढं कळेल.)

आणि मग आली कळसच्या अलीकडची म्हस्कूतात्यांची वस्ती. आपले सख्खे चुलते. हे एक दार चुकवायचं असं मी घरूनच ठरवलं होतं. तुला कारण ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी तुझ्या फ्लॅटच्या वास्तुशांतीचं आवतान त्यांना मोबाईलवर गेलं, हातात पत्रिका नाही, अक्षता नाहीत, आणि तेव्हापासून त्यांनी तुझं नाव टाकलं. पत्रिका मिळाली, नाही मिळाली, या जुन्या वादात मी आत्ता शिरत नाही. पण चुलत्याला मोबाईलवर बोलवायचं म्हणजे, बिरदेव, काय ही रीत? शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये? मी सावळारामला दबक्या आवाजात सांगितलं, जोरात काढ. त्यानं जोरात काढली. आणि वस्तीसमोरच्या गतिरोधकावर चौदा पोरं एका दमात ओरडली.

तात्या लिंबाखाली उभे होते, काठीवर रेलून, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून. मेंढरं विकून बारा वर्षं झाली तरी उभं राहायची तऱ्हा तीच. धुऊन धुऊन गुलाबी झालेला फेटाही तोच. मी खाली उतरून पाया पडले. त्यांनी गाडीत बघितलं.

"माले, हे टोपीवालं कुणाचं?"

"बिरदेवचं, तात्या."

म्हातारा ऋतिककडं वाकून म्हणाला, "तुझ्या बापानं मला फोनमधनं अक्षता धाडल्या हुत्या. डोक्यावर टाकाया गेलो तर फोनच पडला." पोरं हसली. सासूबाई सगळ्यात जास्त हसल्या. मी आकाशात ढग आहेत का ते बघत होते.

ऋतिकला या भाऊबंदकीशी काही देणं-घेणं नव्हतं. त्यानं सरळ विचारलं, "आजोबा, तुम्ही फ्लेमिंगो पाहिलेत?" तात्या म्हणाले, "धरणाच्या कडंनं जलम गेला. त्या लांबटांगी पाखरांस्नी बघाया कोण गाडी करून जातंय व्हय?" ऋतिकनं वही दाखवली. तात्यांनी चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "गुडघा उलटा काढलाय." आणि कुणी बोलवायच्या आत गाडीत चढून बसले.

पाण्यावर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. वारं सुटलेलं, लाटा उठलेल्या. नावाड्यानं हात जोडले: एवढी बारकी पोरं, आता होडी सोडणार नाही. त्याचं बरोबरच होतं. लांब, पार पाण्याच्या पलीकडच्या अंगाला, एक फिकी गुलाबी रेघ दिसत होती, पाटीवर ओल्या बोटानं ओढावी तशी. "तीच ती पाखरं," सावळाराम म्हणाला. ऋतिक रडला नाही. नुसता रेघेकडं बघत उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "रेघ पाहिली असं सांगितलं तर ते परत हसतील." नकोशीच्या शेवया, जंक्शनचं ताक, फाट्यावरचं कलिंगड, एकेक घोट मला आठवायला लागला.

तेव्हा तात्यांनी फेटा सारखा केला. मूठभर माती उचलून वाऱ्यावर सोडली, ती कुठं जाते ते बघितलं आणि म्हणाले, "चला. पाणी आटलंय, तिकडनं गाळावरनं वाट हाय. माझी मेंढरं चरायची हितं." आणि मग बिरदेव, मी जे बघितलं ते नऊशे रुपयांत कुणी दाखवायचं नाही! थोरली पोरं मागं, बारकी मधी, सगळ्यांत शेवटी सासूबाई, आणि पुढं तात्या. आवाज चढवला नाही की कुणाला हात लावला नाही. जिभेनं नुसतं टक् टक् करायचे, काठी जरा आडवी धरायचे, की चौदाच्या चौदा वळायची. मी दोन तास घसा फोडून जी गाडीत बसली नव्हती, ती! कुणीतरी बोलायला लागलं तर तात्या म्हणाले, "मेंढरं बोलत न्हाईत असं न्हाय. पर कवा बोलायचं ते त्यास्नी कळतं." सुकून भेगाळलेल्या गाळावर, पाण्यापासून थोडं अलीकडं, त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं. दगडाबाई गप्प बसल्या. हे मी पंचवीस वर्षांच्या संसारात प्रथम पाहिलं.

आणि ती आली. आम्ही गेलो नाही, तीच चरत चरत आमच्याकडं आली. चिखलात चोच उलटी घालून, एकेक पाय मोजून टाकत, पंचवीस, चाळीस, मग मोजणं सुटलं. एवढ्या जवळ की पाण्यातल्या गुलाबी सावल्याही मोजता याव्यात! मग कुठं कुत्रं भुंकलं आणि सगळा थवा एकदम उठला, पंख उघडले, आणि आतून तो लालभडक रंग! बाहेरून फिक्या साडीला आतून असलं अस्तर लावायचं कुणाला सुचलं असेल? श्रेया, जी भाकरीचाही फोटो काढते, तिच्या हातात फोन होता आणि तिनं तो उचलला नाही. ऋतिकनं तात्यांचं बोट धरलं होतं. थवा डोक्यावरून वळला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "आजोबा, हे पुढच्या वर्षी येतील?"

"येत्यात की," तात्या म्हणाले. "त्यांस्नी कोण पत्रिका देतंय? तरी येत्यात."

परतीच्या वाटेवर भाकरी-चटणी सगळ्यांनी गाडीतच खाल्ली. तात्यांना वस्तीवर सोडलं. उतरताना त्यांनी ऋतिकची टोपी सरळ केली. एकूण सहल उत्तम झाली, डिझेलापलीकडं खर्च नाही, आणि तुझ्या यादीत हे ठिकाण कुठंच नाही.

सगळ्यांना यथायोग्य. प्रतिक्षाला म्हणावं, श्रेया आता भाकरी थापते, आकार विचारू नये.

तुझी,
अक्का

ता. क. श्रेयाचं "तुम्हीपण या ना" लोकांनी मनावर घेतलं आहे. नकोशी, मावससासूबाई, फाट्यावरचे मित्र आणि बारा पोरं मे महिन्यात तुझ्याकडं येणार आहेत. अंथरुणं घेऊनच येतील. गच्ची झाडून ठेव.

ता. क. दुसरा. आता खरं. सहलीसाठी मी बुधवारी पेटीतून मोठी सतरंजी काढली आणि तिच्या घडीतून एक पाकीट पडलं. तुझ्या वास्तुशांतीची पत्रिका. वर तुझ्या अक्षरात 'ती. म्हस्कूतात्या', आत अक्षतांची पुडी. तू माझ्याकडं दिलेल्या पंधरांपैकी चौदा मी वाटल्या होत्या. तीन वर्षं तू विचारत होतास, "अक्का, दिली होतीस ना?" आणि मी म्हणत होते, दिली रे, म्हातारा विसरला असेल. ताडपत्री उन्हासाठी नव्हती, पाहुण्यांसाठीही नव्हती, तात्यांसाठी होती. वर तुला जे सुनावलं ते वाचून झालं असेल तर फाडून टाक. पाकीट सोबत पाठवलं आहे. तारीख जुनी झाली, अक्षतांना काही झालेलं नाही. रविवारी येताना आधी वस्तीवर उतर, पाया पड, स्वतःच्या हातानं दे आणि पोस्टाचं नाव सांग. माझं नको.

ता. क. तिसरा. पाकीट पडलं तेव्हा ऋतिक शेजारीच बसला होता. त्याला आता वाचता येतं, हे तुम्ही मला कळवलं नव्हतं. गप्प राहायचं त्यानं कबूल केलं आहे, पण त्याला आणि श्रेयाला शाळा उघडेपर्यंत इथं ठेवून घ्यायचं, या अटीवर. तेव्हा ये जरूर, न्यायला येऊ नकोस. पोरगा माझ्यावर गेला आहे. तो दिल्या शब्दाला जागेल अशी माझी मुळीच खात्री नाही.