टाकीतला श्री

मंगळ. ४ मार्च
जहाजं ओढणाऱ्या टगबोटीची गोड्या पाण्याची टाकी आज उघडली. कुक महिनाभर रडत होता, भात तांबूस होतो म्हणून. वाकून टॉर्च मारला. तळाला गंजाचे पापुद्रे, जुना रंग पोपडे धरून सुटलेला. आठ माणसं हे पाणी पितात. सगळं खरवडून रंगाचे नवे दोन कोट द्यायचे. ठेकेदाराचा फोरमन लिम म्हणाला, "कॅन, कॅन. नो प्रॉब्लेम लाह." इथल्या इंग्रजीत, होऊन जाईल. हसरा माणूस आहे. हसऱ्या ठेकेदारांची मला धास्ती वाटते.

टगवर चीफ इंजिनिअर कदम आहेच. गुहागरचा, अकरा वर्षं माझ्या हाताखाली. पुढच्या महिन्यात त्याचा इथला कामाचा पास रिन्यू व्हायचाय. ऑफिस माझं मत विचारणार. काय, देऊ चांगलंच. बहुतेक.

शुक्र. ७ मार्च
ब्लास्टिंग करून गंज उडवला, पहिला कोट बसला, वाळला. पहिला क्रीम आणि दुसरा पांढरा असं मी लेखी दिलं होतं, म्हणजे दुसरा मारला की नाही ते डोळ्यांनी कळतं. लिमने दोन्ही पांढरेच आणले. "सेम सेम, सर." सेम कसं? मागे एका मालवाहू बार्जवर असंच एक कोट मारून दोन सांगितले होते. सहा महिन्यांत गंज वर. सही माझी होती.

म्हणून आज सगळे जेवायला गेल्यावर परत आत उतरलो. शिडीखालच्या प्लेटवर खिशातल्या पिवळ्या खडूने खूण केली. टिकमार्क लिमची माणसंही करतात, म्हणून श्री लिहिला. नव्या लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहितो तसाच, वेलांटी लांब ओढलेली. दुसरा कोट बसला तर झाकला जाईल, नाही बसला तर दिसेल. कोणाला बोललो नाही. कदमलाही नाही.

रवि. ९ मार्च
आज दुसरा कोट. नेमकं मेव्हण्याला, मेधाच्या भावाला, आणायला चांगी विमानतळावर जावं लागलं. चारला कदमचा फोन. "झालं साहेब. मी पूर्ण वेळ टाकीच्या मॅनहोलपाशीच होतो."
पूर्ण वेळ? जेवला नाही?

सोम. १० मार्च
आत उतरलो. श्री दिसत नाही. गेजने जाडी मोजली, आकडे बरोबर. पण गेज लिमचा.

खूश व्हायला हवं होतं. घराजवळ, तोआ पायोहला, बसमधून उतरता उतरता डोक्यात आलं, तेवढाच भाग झाकला असेल तर? कदमने खूण बघितली असेल तर कोणाची हे त्याला सांगायला नको. रंगाचे रिकामे डबेही यार्डातून गायब. एवढी घाई कसली?
मेधाला सांगितलं. म्हणाली, "तुम्ही कुकर झाल्यावरसुद्धा झाकण उघडून बघता, मी खरंच डाळ घातली का ते."
हे एकदाच झालं होतं.

मंगळ. १८ मार्च
रंग आठवडाभर सुकवून टाकी भरली, दोनदा धुतली, परत भरली. पाण्याचा नमुना लॅबला गेला.
गॅलीत, बोटीच्या स्वयंपाकघरात, चहा प्यायला गेलो तर सिंकखाली बाटलीबंद पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन. ओळीने. चहाही त्याचाच. कदमला विचारलं, टाकी चांगली झाली ना, मग हे काय? खाली बघून म्हणाला, "असू दे साहेब. थोडे दिवस."
स्वतः उभं राहून रंगवून घेतलेल्या टाकीचं पाणी माणूस पीत नाही. अजून काय पुरावा हवा?

शनि. २२ मार्च
सकाळी कदमचा फोन. टाकी रिकामी करून बघितली म्हणे. रंगाला एक फोड आलाय, तळहाताएवढा, शिडीखाली. बाकी सगळं काचेसारखं. "तुम्ही येऊन बघा साहेब, मग ठरवू."

ठरवायचं काय त्यात. बसल्या जागेवरून ऑफिसला मेल टाकला. दुसऱ्या कोटाच्या वेळी चीफ इंजिनिअरची देखरेख अपुरी, रंग सुटू लागला आहे, सविस्तर रिपोर्ट पाठवतो. चहा निवायच्या आत गेला मेल. मेधा म्हणाली, "आधी बघून तरी यायचं."

तिला यातलं काय कळतं, असं म्हणालो. वर दिवसभर स्वतःवर खूश. वास बरोबर लागला होता मला.

सोम. २४ मार्च
लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

आत उतरलो. शिडीखाली कदमने फोड कापून काढलेला, कडा घासून ठेवलेल्या, खालचा पहिला कोट शाबूत. बाकी टाकीभर नखाने, चाकूच्या टोकाने खरवडून बघितलं. एक टवका निघेना. दोन कोट, दोन्ही पक्के.

बाहेर आलो तर कदम उभा. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला रंगाचा पापुद्रा त्याने माझ्या हातावर ठेवला. मागची बाजू वर. पिवळा, उलटा उमटलेला श्री.

मेणाचा खडू. लोखंडी प्लेटवर कापायच्या खुणा करायला मी खिशात ठेवतो तो. पहिल्या कोटावर बोटाचा तेलकट डागसुद्धा नको, वरचा रंग धरत नाही, हे तीस वर्षं मीच लोकांना सांगत आलो. कदमला तर मीच शिकवलं.

तो म्हणाला, "कोणीतरी शुभ म्हणून लिहिलं असेल साहेब." मग, "लिमच्या माणसांत मराठी कोणी नाही."
मी म्हणालो, बघतो.
"तुमच्याकडेच ठेवा हे."

लॉगबुकं अकरा वर्षं आम्ही दोघंच भरतो. ती वेलांटी त्याला ठाऊक नसेल असं कसं म्हणू?

निघताना पाण्याच्या कॅनचं परत विचारलं. म्हणाला, लॅबचा रिझल्ट येईपर्यंत लोकांना टाकीचं पाणी द्यायचं नाही असं ठरवलं होतं. "तुम्हाला वाटलं असतं, माझा तुमच्या कामावर भरवसा नाही. म्हणून बोललो नाही."
मेलचं मी त्याला सांगितलं नाही.

मंगळ. २५ मार्च
ऑफिसचं उत्तर. फोडाचं कारण उद्या दुपारपर्यंत लेखी हवं. तोवर कदमच्या पासचा अर्ज थांबवलाय. मॅनेजरने वर लिहिलंय, तुमच्यासारख्या बारीक नजरेच्या माणसामुळे वेळीच कळलं, आभार.

संध्याकाळी कदमचा फोन. पाण्याचा रिझल्ट चांगला आला, टाकी परत भरली, कॅन बंद केले, टाकीच्या पाण्याचा पहिला भात झाला, पांढराशुभ्र. पापुद्र्याचं नाव नाही. अर्ज थांबलाय हे त्याला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. मुलगी बारावीला आहे त्याची.

फोन ठेवल्यावर पहिला विचार काय आला? माझ्या हातात देण्याआधी त्याने पापुद्र्याचा फोटो काढून ठेवला असेल का. अजून हेच सुचतं मला. लाज वाटते.

मेधाला सगळं सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पानं घेतली, बोलावते आहे.

फॉर्म समोर उघडा आहे. कारणाच्या रकान्यात 'पहिल्या कोटावर मेणाच्या खडूची खूण' इतकं लिहून झालंय. कोणाची, ते अजून लिहिलेलं नाही.