धीराचा माणूस

लोटे, सोमवार

ती. वनिताताईस धाकट्या रूपेशचा नमस्कार.

मी बरा आहे. भात झोडून झालं का? आईला सांग, साहेबांनी आमच्या शिफ्टची जबाबदारी माझ्यावर सोपवलीय. दसऱ्यानंतर प्लांटात गॅस गळला तेव्हा सगळे पळाले, मी एकट्याने थांबून व्हॉल्व्ह बंद केला. "धीराचा माणूस," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

इथून पुढचं आईला वाचून दाखवू नको. फोनवर सांगितलं असतं तर तिनेही ऐकलं असतं.

काल खोलीवर डाळ करपून कोळसा झाली. मी शेगडीशेजारीच बसलो होतो. शेजारचा ओमकार नाक दाबत धावत आला तेव्हा मला कळलं. मग तुझ्या लोणच्याची बरणी उघडली, अगरबत्ती लावून बघितली. काहीच नाही. गणपतीतल्या तापापासून माझं नाक गेलंय, आणि मी आपला कॅन्टीनच्या जेवणाला नावं ठेवत होतो.

म्हणजे त्या दिवशी तो धीर नव्हताच गं. मला वासच आला नव्हता.

साहेबांना सांगितलं तर हे काम जाईल. आणि नाही सांगितलं तर? हल्ली जरा काही झालं की शिफ्टची पोरं आधी माझ्या तोंडाकडे बघतात. मी थांबलो की तीही थांबतात.

तू लहानपणी म्हणायचीस तोच,
तुझा भित्रा रूपेश