गाळलेला धडा

प्रिय ताई,

एवढ्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, आम्ही खुशाल आहोत. मी अजून बसच चालवतो, फक्त केस पिकलेत. तू न पाहिलेली तुझी भाची सातवीत गेली. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, भांडलो तर मिटवायलाही कोणी नाही.

मागच्या महिन्यात ती शाळेतून आली ती थेट न्हाणीघरात शिरली. मी हाका मारतोय, आतून नुसतं रडणं. शेवटी म्हणाली, "बाबा, मला काहीतरी मोठा आजार झालाय. कुणाला सांगू नका." माझ्या लक्षात आलं. मग दाराशीच फतकल मारून बसलो आणि पाळी म्हणजे काय ते जमेल तसं सांगितलं. बाकीचं शेजारच्या नर्सबाईंनी निभावलं. जेवताना लेक म्हणाली, "हे शाळेत का नाही सांगत?"

तोच प्रश्न घेऊन मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. म्हणाल्या, धडा पुस्तकात आहे, पण शिकवायला घेतला की पालक अंगावर येतात, म्हणून "घरी वाचा" सांगून पुढे जातो. म्हटलं, मग पालकांनाच बोलवा.

सभेला हॉल भरला. एक कोटवाले गृहस्थ तावातावाने म्हणाले, "नको त्या वयात नको ते डोक्यात भरवणार तुम्ही!" टाळ्या पडल्या. तरी मी उठलो. लेकीला विचारून न्हाणीघराची गोष्ट सांगितली. म्हटलं, पोरांच्या डोक्यात ते मोबाइलवरून भरतंच आहे, तेही अर्धवट आणि घाणेरडं. नुसती पाळी नको. नकोसा स्पर्श, नाही म्हणणं, दुसऱ्याचं नाही ऐकणं, मूल कसं होतं, ते कसं टाळतात, सगळं वयाप्रमाणे शिकवा. मुलींना आणि मुलांनाही. मागून कोणीतरी ओरडलं, "ड्रायव्हरसाहेब, ब्रेक मारा!" सगळे हसले, मीही हसलो. म्हटलं, "ब्रेक कुठे असतो ते न शिकवता कुणाच्या हातात गाडी देता का?"

मग एक आई उठली. तिच्या मुलाशी शिकवणीचे मास्तर वर्षभर घाण वागत होते. "त्याला सांगायचं होतं हो," ती म्हणाली, "पण त्याच्याकडे शब्दच नव्हते." ती खाली बसली तेव्हा कोटवाले गृहस्थच पाणी घेऊन तिच्याकडे गेले. मग मुख्याध्यापिकांनी तास हवेत त्यांना हात वर करायला सांगितलं, तर त्यांचाही वर होता. पुढच्या महिन्यापासून तास सुरू होतायत.

ताई, बोलताना मला सारखी तूच दिसत होतीस. तू सोळाची होतीस, मी नऊचा. एका सकाळी तुला मावशीकडे धाडलं आणि घरात तुझं नाव निघेनासं झालं. तुला दिवस गेले होते, आणि आपल्याला काय होतंय हेही तुला ठाऊक नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तुला कुणी काही सांगितलंच नव्हतं; दोष मात्र सगळा तुझ्या पदरात घातला. परवा लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग यात आत्याची काय चूक?" आपल्या घरात हे वाक्य कुणीतरी बोललं, ते तुला कळवायला बसलो. सुट्टीत ये. आणि एकटी येऊ नकोस, तुझ्या लेकालाही आण. त्याला एक मामा आहे, हे त्याला कळू दे.

तुझाच,
धाकटा