नवरीच्या भावाचा हात

बोईसर, ९ फेब्रुवारी २०२५

ती. जमनाबायला धाकट्या चिंतूचा शि. सा. जोहार. वि. वि. (आश्रमशाळेत गुरुजींनी घोटून घेतलेलं अजून विसरलो नाही, एवढं तरी शिकलो म्हण.)

तुमच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून हे पत्र जिवल्या भावजींच्या डब्याच्या पिशवीत घालतो. आठवडाभर केमिकल कंपनीत धूर खायचा आणि रविवारी मेव्हण्याचा पोस्टमन व्हायचं, त्यांचंही नशीब.

कॉलेजचं विचारू नको. तिथल्या एका सरांनी वर्गात माझ्या बोलण्याची नक्कल केली, मी बाकडं उलटं केलं, विषय संपला. आता मी इथल्या लोकस्मृती केंद्रात आहे. मुंबईचं एक फाउंडेशन त्याला अनुदान देतं. लोकांची गाणी, आठवणी लोकांनीच जमवायच्या, असा प्रकल्प. माझं पद 'समुदाय सहायक'. म्हणजे खुर्च्या मांडायच्या आणि म्हाताऱ्यांना गोड बोलून रेकॉर्डरसमोर बसवायचं.

त्यांना धवलेरीची (त्यांच्या कागदावर लिहिलंय, 'गाऊन लग्न लावणारी बाई') लग्नगाणी हवी आहेत, तीही मार्चअखेरच्या आत. नाहीतर पुढच्या वर्षाचं अनुदान बंद. आपल्या भागात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गाणारी एकटी मंगळी आत्या उरली, आणि ती लग्नाशिवाय तोंड उघडत नाही. मी मीटिंगमध्ये उभा राहून म्हणालो, मग माझ्या बहिणीचं लग्न लावा! ती आणि भावजी आठ वर्षं एकत्र राहतात, दोन पोरं आहेत, मांडव तेवढा राहिलाय. प्रफुल्ल सर, म्हणजे आमचे साहेब, हसले. म्हणाले, लग्न हा खाजगी खर्च, अनुदानात बसत नाही.

तेव्हा स्नेहा म्हणाली, 'सादरीकरण' बसतं. कागदावर सादरीकरण लिहू, मांडवात खरं लग्न लागू दे. स्नेहा आमची समन्वयक. पालघरची. तिच्याबद्दल आणखी लिहीत नाही, भावजी वाटेत पत्रं वाचतात.

हो म्हण. ताडीसुद्धा 'स्थानिक पेय' म्हणून बिलात घुसवतो.

पोरांना पापे. रागावलीस तरी माया पातळ करू नको.
तुझा चिंतू


पाडा, १६ फेब्रुवारी

चि. चिंतूला जमनाबायचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. यानी वाटेत वाचलंच. घरात शिरताना इचारलं, स्नेहा कोन?

तू म्हंतोस ते मना पटलं. लुगड्याची नि जेवणाची मना हौस नाय रे. तुला तर ठावं हाय. लग्न लागलं नाय तवर मी दुसऱ्याच्या मांडवात भिंतीवर लग्नाचा चौक लिहू शकत नाय, धवलेरीच्या शेजारी बसू शकत नाय. मंगळी आत्याकडचं गाणं मी लांबून, चुलीपाशी बसून ऐकते. आत्या म्हंते, तुझा मांडव होऊदे, मंग तुला शेजारी घेते. तिला आता दम लागतो. मना घाई हाय ती येवढीच.

आत्यानं एक निरोप सांगितलाय. गाणं सुरू झालं का मधी थांबत नाय. अन् तुझं काम एकच, मांडवाचा खांब धरून उभं राहायचं. नवरीच्या भावानं हात वर केला म्हंजे भावाची हरकत. मंग धवलेरी गप. तुझ्या त्या लोकांना हे नीट सांग.

अन् त्या स्नेहाला आपली बोली जमते का, ते पण बघ. नायतर सासूशी भांडंल कशी?

आमच्यावर जीव हाय तसाच ऱ्हाऊदे.
जमना


बोईसर, २ मार्च

ती. जमनाबायला शि. सा. जोहार.

सगळं ठरलं. तेवीस तारीख, रविवार. गाणं थांबत नाही हे स्नेहाला दोनदा सांगितलं. तिने डायरीत लिहून घेतलं आणि म्हणाली, किती सुंदर आहे हे! ती असं म्हणाली की मला आपल्याच गोष्टी पहिल्यांदा दिसतात. हस, खुशाल हस.

फाउंडेशनच्या मॅडम स्वतः मुंबईहून येणार आहेत. त्यांना आवडलं की दुसरं वर्ष पक्कं. स्नेहाने सगळं माझ्यावर सोपवलंय. आजपर्यंत माझ्यावर कुणी बकरीसुद्धा सोपवली नव्हती.

मांडवासाठी उंबराच्या फांद्या भावजींना आणायला सांग. आशीर्वाद असू दे, आता दोघांना पुरेल इतका.
चिंतू


बोईसर, ३० मार्च

जमनाबायला जोहार.

भावजी आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीत. समोरून येतात आणि पानटपरीकडे वळतात; हे पत्रही त्यांच्या नकळत पिशवीत घातलंय. त्यांना सांग, एवढं फुगायचं काही कारण नाही.

चूक कोणाची ते तरी बघा. त्या मॅडमची गाडी वाणगावच्या फाट्यावर चुकली, याला मी काय करू? ज्यांच्यासाठी सगळं मांडलं त्याच नाहीत, म्हणून स्नेहा रडकुंडीला आली होती. म्हणाली, चिंतू, पाचच मिनिटं, प्लीज. प्रफुल्ल सर लांबून डोळे वटारत होते. आणि थांबलं तर थांबलं, मॅडम आल्यावर आत्याने पुढे चालू करायला काय हरकत होती? तिथेच पदर तोंडाला लावून बसली. मॅडमनी तेवढ्यावरही टाळ्या वाजवल्या. सगळे जेवले, नाचले. तुला हळद लागली होती, मांडव होता, माणसं होती. लग्नाला आणखी काय लागतं?

आत्याला म्हणावं, राहिलेलं गाणं घरात बसून म्हणून टाक. पोरं लहान आहेत त्यांची शपथ घाल तिला.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालतील, माझी सवय मोडू नको.
चिंतू


पाडा, १३ एप्रिल

चि. चिंतूला आशीर्वाद. वि. वि.

तू गाडीचं लिवलंस, मॅडमचं लिवलंस, सायबाच्या डोळ्यांचं लिवलंस. हाताचं नाय लिवलंस.

मी पाटावर बसले होते, मान खाली, तरी मना दिसला. ती पोर तुझ्या कानाशी बोलली, तू खांब सोडलास अन् हात वर केलास. आत्या त्या शहरातल्या मान्सांसाठी थांबली नसती रे. मंत्री आला असता तरी नसती थांबली. ती तुझ्यासाठी थांबली. ती अजून इचारते, जमने, तुझ्या भावाला जिवल्यात काय खोट दिसली?

मी तिला काय सांगू? खोट नाय, पोरगी दिसली?

राहिलेलं गाणं मागून म्हनता येत नाय. पयल्यापासून नवा मांडव घालाया लागतो. मी अजून चुलीपाशीच हाय. आत्या खोकते तवा मी हातातलं टाकून कान देते.

हे रागावले नाय, त्यांना लाज वाटते. तुझीच लाज वाटते, म्हनून वळतात.

माया हाय. ती काय तुझ्या अनुदानावर चालत नाय.
जमना


बोईसर, ११ मे

ती. जमनाबायला शि. सा. जोहार. वि. वि.

काल पालघरला हॉलमध्ये, तुझ्या मांडवात कॅमेऱ्याने टिपला तो आपला सिनेमा दाखवला. एसी, खुर्च्यांना पांढरे कपडे, बाहेर समोसे. खुर्च्या मीच मांडल्या.

त्यात तुझं लग्न लागलंय, बाय. आत्याच्या सुरुवातीच्याच ओळी त्यांनी शेवटी परत जोडल्यात, वर नाच आणि जेवणं दाखवलीत. माझा हात कापून टाकलाय. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: विवाह संपन्न. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. दोन तास शेजारी बसलेल्या माणसाला कळलं नाही की तेच गाणं पुन्हा लागलंय. मी ओरडलो, हे खोटं आहे, लग्न लागलेलं नाही! मॅडम माईकवर म्हणाल्या, बघा, समुदाय किती आपलेपणाने गुंतलाय.

दुसऱ्या वर्षाचं अनुदान मंजूर झालं. पाड्यावर कुणीही न मागितलेलं संग्रहालय होणार आहे. स्नेहाला फाउंडेशनने मुंबईच्या ऑफिसात घेतलं. जिन्यात गाठून मी तिला इतके दिवस मनात होतं ते सांगितलं. ती घाबरली नाही, हसलीही नाही. म्हणाली, तू आमचा खरा दुवा होतास. आणि शेकहँड केला. त्याच हाताशी.

खुर्च्या न आवरता निघालो. नोकरीही तिथेच ठेवून आलो. यावेळी बाकडं उलटं केलं नाही. हात उचलवेना.

भावजींनी रात्रपाळीला जाताना माझ्या दाराशी डबा ठेवला होता. 

मी येऊ का? नको म्हणालीस तरी माया तोडू नको.
चिंतू


पाडा, १८ मे

चि. चिंतूला जमनाबायचे आशीर्वाद. वि. वि.

चांगलंच हाय. बाहेरच्या जगात मी लग्नाची, घरात बिनलग्नाची. यांना म्हनलं तर यांनी इचारलं, मंग तिकडं ऱ्हायला जाऊ का?

या उन्हाळ्यात आता मांडव नाय व्हायचा. पावसाच्या कामांना लागलो आमी. भात कापून झालं का बघू. आत्या म्हंते, तवर ऱ्हायले तर गाईन. काल मी पानी घेऊन गेले तर ती भिंतीकडं तोंड करून गुणगुणत होती. मी उंबऱ्यावर थांबले. आत नाय गेले. तिनं पन बोलवलं नाय, पन आवाज जरा मोठा केला.

तू ये. पयलं आत्याच्या पाया पड अन् तुझ्या तोंडानं सांग, जिवल्यात खोट नव्हती. कॅमेरा नको, पाहुने नको, लुगडं नको. मोकळ्या हातानं आलास तरी चालंल.

फक्त मांडव घालू त्या दिवशी दोनी हातांनी खांब धर.

तुझी, अजून लग्न न लागलेली,
जमनाबाय