रिकाम्या घराचं भाडं

अहो,

मी कोगनोळीला निघालेय. नेमगोंडाअण्णांनी आपल्यावर जुन्या घराच्या दोन महिन्यांच्या भाड्याचा दावा लावलाय, पण ते महिने प्लेगचे. सगळं निपाणी रानात झोपड्यांत होतं, अण्णासुद्धा आपल्या शेजारीच. घरात उंदीर राहत होते, भाडं त्यांच्याकडं मागावं!

तुम्ही लई भिडस्त. "जाऊ दे गं" म्हणत देऊन टाकाल, म्हणून डब्यातले पैसे बरोबर नेतेय. अण्णा आले तर गूळपाणी द्या, बास.

अण्णांच्या आई कोगनोळीला लेकीकडं आहेत. रानात त्या रोज दिवस बुडायच्या आत आपल्याच चुलीवर जेवायच्या. "येतो गं मी, खोटं सांगणार न्हाय," असा त्यांचा निरोप आलाय. उद्या त्यांना घेऊन थेट चिकोडीच्या कोर्टात येते. तुम्हीही या. आईसमोर लेक काय शपथ घेतोय, बघू.

राजमती